सर्रा आणि जास्तीचा ‘स’

भूकंपाला तीन वर्षे झाल्यानंतरच्या कार्तिकात, एका बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता, नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर एकोणतीस टांगे, वरातीची एक घोडी, आदल्या दिवशी बाजाराला मुखेडकडून आलेले एक तट्टू आणि एक गाढव उभे होते. दवाखान्याने कुणालाही बोलावले नव्हते. त्याच्याकडे डॉक्टर एक, शिपाई एक आणि सूक्ष्मदर्शक एक होता.

रांगेतल्या बऱ्याच जणांच्या हातात लातूरहून निघणारे एक दैनिक होते. पाचव्या पानावरच्या चार ओळींखाली कुणी पेनाने रेघ मारली होती. ती बातमी मी पाठवली होती. मी त्या दैनिकाचा नांदेडचा बातमीदार होतो. छापून आलेली बातमी मात्र मी लिहिलेली नव्हती. तिच्यात एक अक्षर जास्त होते.

बातमी एका घोडीची होती आणि घोडी माझ्या वडिलांची होती. बातमीदाराने स्वतःच्या घरची बातमी देऊ नये, असा आमच्या कार्यालयाचा नियम होता. तो मी मोडला. घोडी कुणाची, एवढे गाळले.

वडील टांगा चालवत. सकाळी शाळेची मुले, दुपारी स्टेशन ते मोंढ्याचा धान्यबाजार, संध्याकाळी परत शाळेची मुले. ही घोडी त्यांनी भूकंपानंतर चार महिन्यांनी किल्लारीकडच्या एका माणसाकडून घेतली होती. तो माणूस आठवडी बाजारांना घोडीवर लादून कापडाची गाठोडी नेत असे. वडील त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्ही भावंडेही मामाच म्हणत असू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मामांचे घर पडले. मामा घरात नव्हते. घोडी दावे तोडून पांदीच्या वाटेने पळाली होती आणि ते तिला शिव्या देत तिच्यामागे गेले होते. मामी गणपतीला माहेरी, मुखेडला गेलेल्या होत्या. ही हकिकत मामांनी सांगितलेली आहे. दुसरी साक्षीदार घोडी.

“शिव्या देत व्हतो म्हणून वाचलो,” मामा सांगत. “चांगल्या तोंडाचा माणूस आत झोपून ऱ्हायला असता.”

पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर घोडी बांधायला जागा उरली नाही. मामांनी ती वडिलांना दिली आणि एक अट घातली. दरसाल मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडी आणायची आणि त्यांना उभी दाखवायची. “बसलेली न्हाई, फोटोतली न्हाई. उभी,” असे त्यांचे शब्द होते. वडिलांनी जबान दिली. पहिली दोन वर्षे घोडी माळेगावला गेली. मामांनी तिला गूळ चारला, एक-दोन शिव्या दिल्या आणि ते परत गेले.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, घोडीने कडबा अर्धा टाकला. दोन दिवस तिचे अंग तापले, मग पाच दिवस ती बरी राहिली. पुन्हा दोन दिवस ताप. मागच्या पायांना सूज आली. टांगा स्टँडवर निदाने झाली. एक म्हणाला पित्त, दुसरा म्हणाला नजर. वडिलांनी ओवा आणि गूळ दिला. घोडीने गूळ खाल्ला, ओवा ठेवला.

दिवाळीला माझी धाकटी बहीण लातूरहून आली. ती बारावी सायन्सला होती आणि एका खोलीत चौघीजणी राहून क्लास करत होती. त्या वर्षांत नांदेडच्या आमच्या गल्लीतूनही मुले-मुली लातूरला जाऊ लागली होती. एसटी स्टँडवर गाद्या आणि स्टोव्ह चढवताना आईबाप दिसत. क्लासने दिवाळीची सुट्टी चार दिवसांची दिली होती आणि सुट्टीत सोडवायला प्रश्नसंच दिला होता. बहिणीला त्या वर्षी प्रत्येक गोष्ट चार पर्यायांत दिसत असे. जेवायला काय करू, असे आईने विचारले तर ती म्हणायची, “पर्याय सांग.”

घरात आम्ही दखनी बोलत असू. इथे ती बोलणी मराठीत लिहिली आहेत.

बहिणीने घोडीचे पाय दाबून पाहिले. तापाचे दिवस विचारले.

“अब्बा, खाऊन राहिली ना ही?”

“हाव. बरी असली की खाते.”

“तरी वाळून राहिली. ताप येतो-जातो. पायाला सूज. हे ट्रिपॅनोसोमा आहे.”

“कोण?”

“रक्तातला जंतू. एका पेशीचा. पुस्तकात दीड ओळ आहे. सर म्हणाले, हे विचारत नाहीत, पान उलटा.”

“मग तुझ्या ध्यानात कसं राहिलं?”

“विचारत नाहीत तेच राहतं.”

“म्हणूनच तर मार्क कमी पडून राहिले,” वडील म्हणाले आणि घोडी सोडायला उठले.

दवाखान्यातले डॉक्टर देगलूरचे. परभणीला शिकलेले. मराठी स्वच्छ बोलत, पण चिडले की तेलुगूवर जात. त्यांनी घोडीच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काही नव्हते.

“सर, आज ताप नाही तिला,” बहीण म्हणाली. “ताप असताना बघायला पाहिजे.”

“तू कोण?”

“बारावी सायन्स. लातूर.”

“मग बरोबर आहे. लातूरवाले आधी उत्तर सांगतात, मग प्रश्न विचारतात.” पण त्यांनी कपाटातून एक थर्मामीटर काढून तिच्या हातात दिला. “ताप चढला की आणा. रविवार असला तरी आणा.”

ताप रविवारीच चढला. बहिणीची सुट्टी शनिवारी संपली होती. रविवारी तिची लातूरला चाचणी परीक्षा होती. ती गेली नाही. याबद्दल आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

डॉक्टरांनी काच लावली आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग बाजूला सरकून म्हणाले, “ये, लातूर.” बहिणीने पाहिले. तिच्यानंतर मी पाहिले. मला जे दिसले त्याची नोंद माझ्या वहीत आहे. फिकट गोल दाणे शेकड्यांनी पडलेले. सगळे गप. एका जागी मात्र दाणे हलत होते, गर्दीतून कुणी कोपर मारत निघाल्यासारखे. मधे एक बारीक, निमुळता, वळवळणारा जीव होता. त्याच्या एका अंगाला पातळ पदर होता आणि तो सतत थरथरत होता.

वडिलांनी नको तो डोळा मिटला. मग दुसरा मिटला.

“दिसला,” ते म्हणाले. “दोन हायत. काळे. केसासारखे.”

“चाचा, त्या तुमच्या पापण्या,” डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या खेपेला त्यांना जंतू दिसला. 

“सर्रा,” डॉक्टर म्हणाले. “मोठ्या माश्या एका जनावराचं रक्त पिऊन लगेच दुसऱ्याला चावतात. ओल्या सोंडेवरून जातो.”

वडिलांना सर्रा हा शब्द ठाऊक होता. त्यांच्या वडिलांचे दोन घोडे त्याने गेले होते. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ घोडे गेले एवढाच होता.

“डॉक्टरसाब, माळेगावला उभी ऱ्हाईल का?”

“औषध आहे. कातडीखाली द्यायचं. वेळेत सापडलाय. पण जत्रेत शेकडो जनावरं असतात आणि माश्याही. त्यामुळे तीन काचा बघायच्या. तिन्हींत जंतू नसेल तर न्या. एकीत जरी दिसला तरी घोडी घरी.”

“किती दिवस हायत?” वडिलांनी मला विचारले. साडेसहा आठवडे होते.

औषध भरून होईपर्यंत डॉक्टर बहिणीशी बोलत राहिले. जनावरांच्या दवाखान्यात विद्यार्थी सहसा येत नसावेत. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर पेनाने तो जंतू काढला आणि त्याच्या एका टोकाशी, शेपटीच्या बुडाजवळ, एक जाड ठिपका काढला.

त्यांनी सांगितले ते असे. आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया अनेक असतात. ते पेशीचे कारखाने, आणि त्यांच्याजवळ स्वतःचा थोडा डीएनए असतो. या जंतूत मायटोकाँड्रिया एकच असतो, लांबलचक. त्याचा डीएनए इकडे-तिकडे नसतो, या ठिपक्यात एकत्र असतो. आणि तो सरळ धाग्याचा नसतो. हजारो बारीक कड्या असतात, एकमेकींत अडकवलेल्या. जुन्या सरदारांच्या चिलखतासारखी जाळी.

“या जंतूच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांत बारीक कड्यांबरोबर थोड्या मोठ्या कड्याही असतात,” ते म्हणाले. “कारखाना कसा चालवायचा ते मोठ्या कड्यांत लिहिलेलं. पण लिहिलेलं चुकीचं असतं. अक्षरं गळलेली, कुठं जास्तीची. तसंच वाचलं तर अर्थ लागत नाही. मग बारीक कड्यांवरून छोटे नमुने निघतात. त्यांच्याशी ताडून मजकुराच्या नकलेत कुठं एक अक्षर घालतात, कुठं काढतात. मग वाचता येतं.”

“प्रूफ तपासतात,” मी म्हणालो.

“तेच. आता सर्ऱ्याची गंमत बघा. यानं मोठ्या कड्या हरवल्या. एकही नाही. माशीच्या पोटात जगायला त्या लागतात, म्हणून हा तिथं राहू शकत नाही. घोड्याच्या रक्तात साखर भरपूर, तिथं त्यांच्यावाचून भागतं. म्हणून हा नुसता सोंडेवर बसून एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो. आफ्रिकेतली ती एक माशी लागत नाही, कोणतीही चालते. तसाच नांदेडपर्यंत आला.”

“आणि बारीक कड्या?” बहिणीने विचारले.

“आहेत की. बहुतेक सगळ्या एकाच छापाच्या. तपासायला मजकूर नाही, तपासणारे आहेत.”

वडिलांनी हे सगळे ऐकले. इंजेक्शन चार जागी विभागून दिले गेले. घोडीने चौथ्या वेळी शिपायाचा पाय तुडवला.

बहीण मंगळवारी सकाळच्या गाडीने लातूरला जाणार होती. सोमवारी दुपारी ती टांगा स्टँडशेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्याकडून किल्ली अडकवायच्या बारीक कड्या घेऊन आली. अंगणात बसून ती कडीत कडी अडकवू लागली. प्रत्येक कडी शेजारच्या तिघींत जाते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिच्या हातून साखळी होत होती, जाळी होत नव्हती. वडील लगाम दुरुस्त करत बसले होते. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि हात पुढे केला.

“आण इकडं. तू लांबट करून राहिली. चौफेर वाढवायची असती.”

संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी जाळी झाली. ती हातात धरली की पाण्यासारखी ओघळे. एक कडी सोडवायची तर तीन ठिकाणी सोडवावी लागे. वडिलांनी हे करून पाहिले.

“मोठी कडी टाकायची का मधे?” त्यांनी विचारले. त्यांच्या पेटीत लगामाच्या होत्या.

“नको. सर्ऱ्याला नसते.”

बहीण जाळी न्यायला विसरली किंवा तिने ती मुद्दाम ठेवली. दोन्ही हकिकती घरात सांगितल्या जातात.

सोमवारी रात्री मी बातमी लिहिली. सव्वीस ओळी. मथळा ‘टांग्याच्या घोडीला सर्रा, उपचार सुरू’. रोगाची लक्षणे, माश्या, कान आणि रक्त, शेवटी आठ ओळी कड्यांच्या जाळीवर. मंगळवारी सकाळी फॅक्सने लातूरला पाठवली. बुधवारच्या अंकात ती आली.

मथळा होता ‘टांग्याच्या घोड्यांना सर्रास उपचार सुरू’.

खाली चार ओळी. नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्यात टांग्याच्या घोड्यांना सर्रास उपचार सुरू झाले असून कानाच्या शिरेतून रक्त घेऊन तपासणी केली जाते, असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेल्या बावीस ओळींच्या जागी एका क्लासची जाहिरात होती. नापास आणि कमी गुण मिळालेल्यांसाठी नवी बॅच, सोबत गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो.

मी एसटीडी बूथवरून लातूरला फोन लावला. आमचे प्रूफ तपासणारे निवृत्त शिक्षक होते. आयुष्यभर मराठी शिकवलेले. कार्यालयात सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

“गुरुजी, मी सर्रा लिहिलं होतं.”

“तेच तर. घाईत स राहिला होता. मी घातला.”

“सर्रा हा रोग आहे.”

“कोणत्या कोशात?”

“घोड्याच्या रक्तात.”

“रक्तात असेल. कोशात नाही.”

“घोडीला होतं, त्याचं घोड्यांना कसं झालं?”

“सर्रास एका घोडीला कसं करतील? एकवचन बसत नव्हतं.”

“आणि स्वल्पविराम?”

“तो मग निराधार झाला.”

फोन ठेवून मी दवाखान्यापाशी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. रांग फाटकाबाहेर वळली होती. डॉक्टर नुकतेच स्कूटरवरून आले होते आणि स्कूटरवरच बसून होते.

“एंटिदी?” ते शिपायाला विचारत होते. हे काय आहे, हे विचारायला त्या सकाळी त्यांना मराठी सुचले नसावे.

“पेपरात आलंय साहेब,” पुढचा टांगेवाला म्हणाला. “सर्रास म्हणल्यावर समद्यांना.”

“कशाचा उपचार, ते लिहिलंय का?”

“ते तुमी सांगा. आमी घोडं आणलं.”

“आणि हे गाढव?”

“त्याचा चुलत भाऊ हाय,” गाढववाला म्हणाला. “घरात आधी इचारायला नको का?”

डॉक्टरांनी मला पाहिले. मी फॅक्सला लावलेला मूळ कागद बरोबर आणला होता. त्यांनी कागद आणि अंक शेजारी धरून दोन्ही वाचले. मग पुन्हा वाचले.

“स कुणी घातला?”

“गुरुजींनी. प्रूफ तपासतात.”

“मूळ मजकूर?”

“बावीस ओळी गेल्या. जाहिरात आली.”

डॉक्टर हसायला लागले. स्कूटर स्टँडवर लावतानाही हसत होते. शिपाई आणि पुढचे चार-पाच टांगेवाले कारण न कळता हसले. मग त्यांनी शिपायाला विचारले, “काचा किती आहेत?” शिपाई म्हणाला, एक डबा. “धुवून धुवून वापर,” ते म्हणाले आणि आत गेले.

तपासणी सव्वाचारपर्यंत चालली. आधी ताप, मग कान, मग काच. रांगेतल्यांनी आपसांत क्रम लावून घेतला, कारण सगळ्यांना शाळा सुटायच्या वेळी मुले घ्यायला जायचे होते. ज्यांची तपासणी त्याच वेळी आली त्यांची मुले दुसऱ्यांनी नेली. कोणत्या मुलाला कुणी घरी सोडले याचा घोळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निस्तरत होता; सगळी मुले घरी पोहोचली होती.

एकोणतीस टांग्यांचे घोडे स्वच्छ निघाले. त्यांत आमची घोडी नव्हती. तिची पाळी नंतर होती. गाढवही निरोगी निघाले. मालकाने ते रांगेला ओरडून सांगितले.

वरातीच्या घोडीला थोडा ताप होता. तिचा मालक तिला झूल घालून घेऊन आला होता.

“तुळशीचं लग्न लागलं की माझ्या तारखा सुरू, साहेब. हिला काय झालंय? नाचून राहिली की.”

“तेही नाचून राहिलेत,” डॉक्टर म्हणाले आणि त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. त्याने पाहिले, आणि उठून घोडीची झूल काढली.

मुखेडकडच्या तट्टाच्या काचेवरही जंतू होता. दोन्ही जनावरांना त्याच दिवशी इंजेक्शन दिले. तट्टू पुढच्या महिन्यात माळेगावला विकायला जाणार होते. वरातीची घोडीही तिथेच जाणार होती.

संध्याकाळी मी दुसरी बातमी पाठवली. आधी गुरुजींना फोन केला आणि शब्दाची फोड केली. कड्यांचीही हकिकत सांगितली.

“म्हणजे मजकूर हरवलाय आणि तपासनीस राहिलेत?” त्यांनी विचारले.

“हो.”

“किती पिढ्या?”

“ते मोजलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.”

“दोन जनावरं सापडली म्हणतोस?”

“दोन.”

“माझ्या सनं?”

“हो.”

“मग दुरुस्ती छापायची की नाही?”

दुरुस्ती छापली गेली. महिनाभराने मी लातूरच्या कार्यालयात गेलो तेव्हा गुरुजींच्या टेबलावरचा कोश उघडून पाहिला. ‘सर्रास’च्या वर, समासात, पेन्सिलीने लिहिलेले होते: सर्रा, पु., घोड्यांचा एक रोग.

घोडीची पहिली काच औषधानंतर दहा दिवसांनी झाली. जंतू नव्हता. इंजेक्शनच्या जागी गाठी आल्या होत्या, त्या वडील रोज गरम पाण्याने शेकत. दुसरी काच जत्रेच्या आठ दिवस आधी झाली. तीही स्वच्छ होती. घोडी कडबा पूर्ण खाऊ लागली. ओवा तेव्हाही खात नव्हती.

तिसरी काच माळेगावलाच बघायची ठरली. डॉक्टरांची जत्रेत ड्यूटी होती आणि त्यांचा सूक्ष्मदर्शक तंबूत जाणार होता. काच स्वच्छ येईपर्यंत घोडी इतर जनावरांत न्यायची नाही, असे त्यांनी बजावले. वडिलांनी तिला टेंपोने नेले आणि जत्रेच्या कडेला, रस्त्याजवळच्या बाभळीला एकटी बांधले. बहीण लातूरहून एसटीने येऊन तिथेच उतरली. तिने त्या दिवशी कोणतीही परीक्षा बुडवली नव्हती. आईने ते क्लासच्या वेळापत्रकावरून पडताळले.

वडिलांनी घोडीच्या कपाळावर किल्लीच्या कड्यांची जाळी बांधली होती. तिच्या बाजू वाढवून त्यांनी ती वीतभर केली होती. उन्हात ती लखलखत होती आणि घोडीने मान हलवली की माश्या उठत. रस्त्याने जाणारे घोडेवाले थांबून विचारत होते.

“कुठली हाय ही, चाचा? राजस्थानी?”

“न्हाई. सर्ऱ्याची,” वडील सांगत. विचारणारे लांब होत.

मामा साडेअकराला जीपमधून उतरले. ते आधी घोड्यांच्या बाजारात गेले, तिथे घोडी दिसली नाही, तेव्हा धावत रस्त्याकडे आले.

“हिकडं काहून बांधली? वाळीत टाकली का तिला?”

वडिलांनी सगळे सांगितले. ताप, पाय, जंतू, इंजेक्शन. आजारी होती हे तेव्हाच का कळवले नाही, असे मामांनी विचारले. वडील म्हणाले, “काय कळवणार? उभी हाय की न्हाई, ते मलाच ठाऊक न्हवतं.”

मामांनी घोडीचे दात पाहिले, खूर पाहिले, गाठींच्या खुणांवरून हात फिरवला, टोचलेला कान उलटा करून पाहिला. मग दोन पावले मागे सरून त्यांनी एक शिवी दिली. ती इथे देता येत नाही. घोडीने दोन्ही कान त्यांच्याकडे वळवले. त्यांनी दुसरी दिली. घोडी पुढे आली आणि तिने त्यांच्या सदऱ्याचा खिसा हुंगला. गूळ तिथेच होता.

सव्वाबाराला डॉक्टर पेटी घेऊन बाभळीपाशी आले. कानातून थेंब घेतला. आम्ही सगळे त्यांच्यामागे तंबूत गेलो. घोडीजवळ बहीण थांबली. डॉक्टरांनी काच लावली. ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश सरकत गेले आणि परत आले. मामांना म्हणाले, “तुम्ही बघा.”

मामा बसले. वडील त्यांच्या कानाशी वाकले. “दोन काळे केस दिसले तर घाबरू नका. ते आपलेच असतात.”

“काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारले.

“गोल गोल दाणे हायत.”

“हलतात का?”

“न्हाई. गप पडल्यात.”

“आणखी काय?”

“आणखी काई न्हाई की हितं,” मामा तक्रारीच्या सुरात म्हणाले. “एवढं लांबून येऊन काय दावलं तुमी?”

बारा वाजून पन्नास मिनिटांनी डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये नोंद केली: घोडी, टांग्याची, नांदेड; तिसरी काच; जंतू नाही. मामा तंबूच्या दारात आले आणि त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिले. घोडी उभी होती.